वरचे पंधरा

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, पाच नंबरच्या मशीनसमोर बसलेली असताना, भिंगबाईच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. एकदा उडाला, थांबला, मग पुन्हा उडाला. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली. तिने झटकन उजवा डोळा तळहाताने झाकला, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागली. चाळीसपर्यंत पोचली तेव्हा कुठे अंगठा शांत झाला.

"काय गं, डोळ्यात काय गेलं?" शेजारच्या मशीनवरून कुणीतरी विचारलं.

"कचरा," ती म्हणाली.

कचरा कसला डोंबलाचा! तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं.

आता ही भिंगबाई कोण, ते आधी सांगायला हवं. तिचं काम एकच, खोड्या काढायच्या. तिसऱ्या मजल्यावर एक लांबलचक खोली, तिथे नऊ माणसं आणि सात मशीन. दुसऱ्या सिस्टिमसाठी बनवलेले गेम लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालतील असे करून द्यायचे, हा यांचा धंदा. त्याला पोर्ट करणं म्हणतात. दुसऱ्याच्या मापाचा सदरा उसवून आपल्या अंगावर बसवावा तसं ते काम, आणि बगलेत कुठेतरी काचतंच. काचतं कुठे ते गेम खेळून शोधायचं आणि लिहून द्यायचं, ही भिंगबाईची नोकरी. एका पात्राच्या बुटाची नाडी पंधराव्या पायरीवर गायब होते, हे जिला दिसतं तिला ऑफिसने भिंगबाई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि लिनक्सवर गेम खेळणारी माणसं म्हणजे तरी काय साधी? मूठभर असतील, पण एकेक जण असा चिकित्सक, की जावयाच्या खोड्या काढणारी सासू परवडली. या कंपनीच्या पहिल्या पोर्टमध्ये माणसांना सावल्याच पडत नव्हत्या. दुसरा दर दहा पावलांना अडखळायचा. "यापेक्षा केला नसता तर उपकार झाले असते," असं लोकांनी चव्हाट्यावर लिहिलं. नाक कापलं गेलं. तिसरा पोर्ट हा खाणीचा गेम. गेम ज्यांचा होता त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा शेवटचा, हाही रडला तर राम राम. मंगळवारी सकाळी दहाला तो बाहेर पडायचा होता. म्हणजे उद्याच.

आठवडाभरापूर्वी सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते, कारण गेम पाच नंबरच्या मशीनवर सेकंदाला पंचेचाळीसच चित्रं दाखवत होता. पडद्यावर जे हलतं ते खरं एकामागून एक येणारी चित्रंच असतात. साठ आली की डोळ्याला लोण्यासारखं वाटतं, पंचेचाळीसला लोक नाकं मुरडतात. पाच नंबरमध्ये ज्या जातीचं ग्राफिक्स कार्ड होतं, ते लिनक्सवाल्यांच्या घरोघरी. मग गुरुवारी जादूगाराने काहीतरी फिरवलं आणि आकडा एकदम साठवर गेला! जादूगार म्हणजे त्यांचा मुख्य प्रोग्रॅमर, डोक्यावर टक्कल, घरी दोन मुली आणि कामात खरोखरच हात चालणारा. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. भिंगबाईनेही वाजवल्या.

तिच्या आजाराचं मात्र त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. सतराव्या वर्षी वर्गात बसलेली असताना तिला फिट आली होती. खिडकीबाहेर ऊन आणि झाडाची पानं यांचा लपंडाव चालला होता, तेवढं निमित्त पुरलं. जाग आली तेव्हा ती जमिनीवर होती, कपडे ओले झालेले आणि वर चाळीस चेहरे वाकलेले. जीभ चावली गेली होती, त्याचं तिला काही नाही वाटलं. ते चेहरे मात्र ती अजून विसरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी दिली आणि बजावलं, लुकलुकणाऱ्या उजेडापासून लांब राहा, अगदी समोर आलाच तर एक डोळा झाक आणि तोंड फिरव.

आणि ही बया नोकरीला लागली कुठे, तर गेम तपासायला! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण तिला ते काम यायचं, जीव लावून करायची, आणि गोळ्या लागू पडल्या होत्या. फॉर्मवर 'फिट किंवा झटके येतात का' असा प्रश्न होता. तिने 'नाही' लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिची ताई म्हणाली होती.

साडेअकराला ती ज्या जागी होती ती खाणीतली सहावी पातळी. वर सगळा बर्फाचा डोंगर, पांढराफटक. सहाव्या पातळीला खाणकामगार काळोखात उतरतो आणि त्याच्या हातातला कंदील फडफडतो.

"या कंदिलाचं काय केलंयस रे?" तिने जादूगाराला विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"मी? काही नाही. मूळ गेममध्येच तसा असणार. काय जिवंत वाटतो ना?"

सगळ्यांनाच जिवंत वाटला होता. ती कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडे गेली. त्यावर मूळ सिस्टिम होती, आणि ते महिनाभर कुणी लावलं नव्हतं. मूळ गेम शेजारी लावून बघायला वेळ कुणाला होता? तिने सहावी पातळी काढली. एक डोळा झाकून, मान वळवून, चोरासारखं बघितलं. कंदील मंद जळत होता. जराही फडफडत नव्हता.

म्हणजे ही फडफड यांच्या पोर्टमध्येच शिरली होती.

तिने जिन्यात जाऊन ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ताई भराभर बोलायला लागली. "तू आत्ताच्या आत्ता घरी ये. पोट दुखतंय म्हण. उद्या एकदा तो गेम गेला की गेला, तुझा काय संबंध? तुला तिथे सगळ्यांसमोर काही झालं म्हणजे? आईला काय सांगू मी?"

"ताई, माझ्यासारखं कुणीतरी घरी एकटं खेळत असेल."

"त्यांना त्यांची माणसं असतील गं! मला तू आहेस."

तिने फोन ठेवला आणि दोन मिनिटं जिन्यातच बसली. घरी जावंसं वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पर्ससुद्धा खांद्याला होती. पण डोळे मिटले की तिला दिसायचं, कुठलीतरी बंद खोली, एकटंच कुणीतरी जमिनीवर, आणि पडद्यावर तो कंदील चालूच. पाय खाली उतरायला तयार होईनात. ती वर आली.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. तिने तीन जाडजूड पुस्तकं रचली, त्यावर मोबाइल टेकवला, त्यावर स्लो मोशनमध्ये चित्रण लावलं आणि पाच नंबरवर खाण सुरू करून स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागून उजेडाची थरथर भिंतीवर पडत होती, म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले. अर्धं मिनिट. कुणी आलं असतं तर वेडी म्हणालं असतं. मग चाचपडत मागे जाऊन तिने आधी पडदा बंद केला.

मोबाइलवर तिने एकेक चित्र थांबवून पाहिलं, स्थिर चित्राची भीती नव्हती. खाण, खाण, खाण, आणि चौथं कोरं पांढरं. पुन्हा खाण, खाण, खाण, कोरं. दर चौथं चित्र कोरं. साठातली पंधरा! गुरुवारी वाढलेली, टाळ्या घेतलेली पंधरा. पंचेचाळीस होती ती पंचेचाळीसच राहिली होती, वरचे पंधरा नुसते चमकारे होते. बर्फात पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसणार? काळोखात मात्र तेच कंदिलाची फडफड होऊन दिसत होते. आणि सेकंदाला पंधरा चमकारे म्हणजे तिच्यासारख्या माणसाला काय, हे तिला कुठल्याही डॉक्टरने पुन्हा सांगायला नको होतं.

चार वाजता तिने मोबाइल सगळ्यांपुढे धरला. जादूगाराने चित्रं पुढेमागे केली आणि मटकन बसला. "चित्र वेळेत तयार झालं नाही तर थांबू नको, पुढे सरक, असं मी लिहिलंय," तो हळूच म्हणाला. "ते सरकतंय, पण हातात चित्र नसताना, म्हणून कोरंच दाखवतंय. आणि चित्रं मोजणारा प्रोग्रॅम तेही मोजतोय. अरे देवा, मी काय करून बसलो!"

"दुरुस्त व्हायला किती दिवस?" मुकादमाने विचारलं. मुकादम म्हणजे त्यांचे साहेब, पाठीमागे सगळे त्यांना मुकादमच म्हणत.

"दहा तरी. आणि आधीचं जसंच्या तसं ठेवलं तर पुन्हा पंचेचाळीस, म्हणजे हाही रडला."

"मग गेम उद्याच जाईल. दहा दिवसांनी दुरुस्ती पाठवू. सुरुवातीला इशाऱ्याची एक ओळ टाका, सगळेच टाकतात."

"ती ओळ कुणी वाचत नाही, सर," भिंगबाई म्हणाली. "यातून माणसाला फिट येऊ शकते. एकट्या माणसाला आली तर जीवसुद्धा जाईल."

"अगं, लिनक्सवर खेळणारे असून असून किती, त्यात हे कार्ड असलेले किती, त्यात असा आजारी किती? तारीख चुकली की आपण नऊ जण रस्त्यावर. कळतंय ना? नऊ घरं आहेत." मुकादमाचा आवाज चढला, पण त्यात भीतीच जास्त होती. "गुरुवारपासून आपण सगळे यासमोर बसलोय. कुणाला काय झालं? एक तरी माणूस दाखव मला!"

झालं, आली वेळ. तिला वाटलं, कुणीतरी आता दार उघडून आत यावं, फोन वाजावा, काहीही व्हावं. काहीच झालं नाही.

"मी," ती म्हणाली.

मग थांबता आलं नाही. सतरावं वर्ष, रोजच्या दोन गोळ्या, फॉर्मवरचं खोटं, सकाळी उडालेला अंगठा, सगळं बाहेर आलं. बोलता बोलता ती रडायला लागली, नाक वाहायला लागलं, आणि शेजारी बसलेल्याने आपली खुर्ची वीतभर मागे घेतलेली तिने डोळ्यांनी बघितली. इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, ते हेच.

मुकादम लालबुंद झाले होते. "गेम उद्या जायचाय आणि आज तुला हे आठवतंय? आणि खरं कशावरून? मनाची भीती असेल. लोक भीतीनेही थरथरतात." त्यांनी पाच नंबरची खुर्ची ओढली. "बस. बघू दे काय होतं ते."

"सर, काय बोलताय तुम्ही!" जादूगार उठला.

"बसू दे तिला. नऊ घरांचा प्रश्न आहे."

भिंगबाई घाबरली का, म्हणून विचारता? तिची पाचावर धारण बसली होती. चार पावलांचं अंतर जाता जाईना. पण गेली आणि बसली. पडद्यावर सहाव्या पातळीचं दार होतं, गेम थांबलेला, खाली एक ओळ: पुढे जाण्यासाठी कळ दाबा.

"बसले, सर. पण कळ मी दाबणार नाही," ती म्हणाली. आवाज फाटला होता, शब्द मात्र स्वच्छ होते. "काही होत नाही असं तुम्ही म्हणताय. तुम्ही दाबा. मी बघते."

मुकादम वाकले. बोट कळीवर ठेवलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते हो. त्या एका बोटावर खरंच नऊ घरं उभी होती, त्यात त्यांचंही होतं. भिंगबाई डोळे ताणून पडद्याकडे बघत राहिली आणि वाट बघत राहिली. बोटाचं नख दाबून पांढरं पडलं, पण कळ खाली जाईना. कपाळावरून घामाचा एक ओघळ खाली आला. शेवटी त्यांनी बोट उचललं आणि हात खिशात घातला, जणू तो पुन्हा बाहेर येऊ नये.

खिडकीशी जाऊन त्यांनी फोन लावला. "उद्याचं थांबवा. हो, थांबवाच. नाही, चालतोय, साठवर चालतोय. पण नाही देता येणार." पलीकडून बराच वेळ कुणीतरी ओरडत होतं, ते सगळ्यांना ऐकू आलं. फोन बंद करून ते परत आले, पण तिच्याकडे बघवेना त्यांना.

"तू फॉर्मवर खोटं लिहिलंस," ते म्हणाले. "या खोलीत आता मला तुला बसवता यायचं नाही. कुणाच्या जिवावर बसवू?"

"हो, सर," ती म्हणाली.

जादूगाराने हात लांब करून पाच नंबरची वायर भिंतीतून उपटली. तिला उठून पर्स घ्यायची होती, ताईला फोन करायचा होता, पण ती त्या बंद पडद्यासमोर आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.