निळ्या द्रावणाला वास नव्हता

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मी तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे आणि माझ्या पोटातल्या रसायनाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, हे मला ठाऊक आहे. चार वर्षे तेच ऐकते आहे. माझे नाव मर्कॅप्टोइथेनॉल. ते उच्चारण्याचे कष्ट कोण घेणार? सगळे मला 'घाणेरडी' म्हणतात.

कारखान्यात मला भरले, झाकण पिळून बंद केले आणि या प्रयोगशाळेत पाठवले. आले त्या दिवशी इथल्या प्रमुख मॅडम मला उजेडात धरून म्हणाल्या, "आली एकदाची! हिच्यावाचून सगळं अडलं होतं." कौतुक झाले ते तेवढेच. मग वास ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात मला जे ढकलले, ते आजवर.

माझे काम काही अवघड नाही. प्रथिन म्हणजे लोकरीचा गुंडा, आणि त्यात गंधकाच्या गाठी. त्या मी सोडवते. निळ्या द्रावणात माझे थोडे थेंब घालायचे, त्यात नमुना मिसळायचा, पाच मिनिटे चांगला तापवायचा. गुंडा सरळ होतो. मग विजेच्या जोरावर त्याला जेलीसारख्या पातळ चकतीतून पळवतात. लहान प्रथिन लांब जाते, मोठे मागे राहते. गाठी सुटल्याच नाहीत तर दोन प्रथिने गळ्यात गळा घालून मागे बसतात, आणि बघणाऱ्याला वाटते, हे एकच मोठे प्रथिन!

पण हवा लागली की माझा जोर ओसरतो. द्रावणात मिसळल्यावर तर फार दिवस टिकत नाही. म्हणून मला दर वेळी ताजे घालायचे असते. हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतात. लक्षात ठेवतो कोण?

इथे एक संशोधक ताई आहे. सगळे तिला गडबडताई म्हणतात. एका आजारात लहान मुलांचे स्नायू दुबळे होत जातात, त्याचे कारण ती शोधते आहे. निरोगी माणसांच्या स्नायूंचे नमुने तिने मला ताजे घालून तपासले. मग माझ्या वासाला वैतागली. "रोज रोज कोण उघडणार हिला!" म्हणत तिने एकदम मोठी बाटलीभर निळे द्रावण करून टेबलावर ठेवले. चार महिने ते तिथेच राहिले.

त्यानंतर सात आजारी मुलांचे नमुने आले. ताईने तेच द्रावण वापरले. मुलांचे प्रथिन दुप्पट मोठे दिसले!

ताई आनंदाने नाचायची बाकी होती. मॅडमनी लेख लिहायला घेतला. एका आजारी मुलीच्या आईचा फोन आला, तेव्हा ताई म्हणाली, "बहुतेक कारण सापडलंय." कपाटात मी नुसती धुमसत होते. अगं बाई, त्या द्रावणात मी उरलेच नाही! पण बाटलीचे ऐकतो कोण?

शेवटी प्रयोगशाळेतल्या काकांनी ते ओळखले. काचेची भांडी धुणारे, अंगाने बारीक, बोलायला फटकळ असे हे काका. टेबल पुसताना त्यांनी निळी बाटली उघडली.

"ताई, हे कधी केलंत?"

"झाले चार-एक महिने. का हो काका?"

"याला वासच येत नाही."

"बरंच आहे की!"

"बरं कसलं? घाणेरडी आत असती तर मी इथं उभा राहिलो असतो का?"

ताईचा चेहरा उतरला. "काका, तुमचं आपलं काहीतरीच," असे ती चिडून म्हणाली खरी, पण थोड्या वेळाने तिने फ्रीजर उघडला. सातही नमुन्यांचा जेमतेम एकेका वेळेपुरता थेंब शिल्लक होता. लेख दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. तिने गप्प राहायचे ठरवले असते, तर कुणाला कळले असते?

तिने कपाट उघडले आणि मला हातात घेतले. या वेळी नाक मुरडले नाही. संध्याकाळपर्यंत सातही मुलांची प्रथिने निरोगी माणसांच्या प्रथिनांशेजारी, अगदी एका रेषेत येऊन थांबली.

मॅडमनी चकती उजेडात धरून पाहिली. "लेख थांबवते," एवढेच म्हणाल्या.

ताईने त्या आईला स्वतः फोन केला. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. कारण सापडलेलं नाही. चूक माझी होती." पलीकडून आई म्हणाली, "पण शोधणं सोडलं नाहीत ना?"

"नाही," ताई म्हणाली आणि फोन ठेवून रडली.

मित्रांनो, मला वास येतो म्हणून खुशाल तोंड वाकडे करा. पण मला ताजे वापरा, काम झाले की झाकण लावा आणि द्रावण केल्याची तारीख लिहा. तुम्ही ज्याला किरकोळ आळस म्हणता, त्यापायी कुणाची तरी आई फोनजवळ बसून राहते.