सीनरी राहू दे

माझं वाटोळं देवदत्तकाकांनी केलं. टोकियोच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. माणूस प्रेमळ, आणि लोकांचं भलं करायची भारी खाज. मी एक चित्र आहे. चित्राला कोणी विचारत नाही, म्हणून आजवर गप्प होतो.

मला पुष्करने क्योतोतल्या भाड्याच्या खोलीत रंगवलं. इंजिनिअरिंग त्याने अर्ध्यात सोडलं होतं. माझ्यात त्याची आई आहे, सुप्रभा. इथल्या निशी-कसाई भागातल्या घरात फरशीवर बसून, जपानी नियमाप्रमाणे कचऱ्यात टाकायच्या बाटल्यांची लेबलं सोलतेय. नुसत्या तिच्या नखांना त्याने आठ दिवस घातले.

बाप नंदकिशोर म्हणाला, "गणपतीत ह्या चित्राची सोडत ठेव. शंभर तिकिटं खपली तर परत जा क्योतोला, काढ चित्रं. नाहीतर माझ्या ऑफिसात चिकटायचं."

मी एकालाच मिळणार होतो. पण शंभर जणांना मी हवा होतो, असं तरी म्हणता आलं असतं. पुष्करला तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी चार तिकिटं गेली. लीलावतीकाकू म्हणाल्या, "घरात कचऱ्याची सीनरी कोण लावतं? गणपती तरी काढायचा."

दुसऱ्या दिवशी सगळी संपली. पुष्करने लगेच क्योतोला घरमालकिणीला फोन लावला, खोली ठेवा म्हणून.

चिठ्ठी निघाली नेमकी लीलावतीकाकूंची. पुष्करने मला दोन्ही हातांनी पुढे केलं.

"सीनरी राहू दे रे. माझा कुकर कुठाय?"

"कसला कुकर?"

देवदत्तकाका हसले. "अरे, तिकिटं हलेनात. पोराचं मन कशाला मोडा? पुण्याहून आणलेला कोरा कुकर पडून होता, तो लावला सोबत. पाच लिटरचा. इथे मिळतो कुठे?"

पुष्कर बापाकडे वळला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पाच तिकिटं मीच घेतली. आपला गळतो ना, तुझी आई कधीची म्हणतेय." वर म्हणाला, "शंभर खपली. शब्द म्हणजे शब्द. जा तू."

पुष्कर गेला नाही.

मी मंडळाच्या कपाटात असतो. कार्यक्रम असला की बाहेर काढतात, तोंड भिंतीकडे करून. पाठीवर काकांनीच मार्करने लिहिलंय, 'चपला येथे काढाव्यात.' सुप्रभाही तिथेच काढते.

काका, पुन्हा कुणाची दया आली, तर चारच खपली म्हणून सांगा. चार खरी होती.

पुष्कर बापाच्या ऑफिसात लागला. क्योतोची खोली गेली. दोन वर्षांत त्याने एक रेघ ओढलेली नाही.