वाचनालयाची सूचनापेटी आणि साळूबाईचा अंगठा

मित्रांनो, वाचनालयाच्या दारात डाव्या हाताला टांगलेली, एक बिजागरी निखळलेली जुनी लाकडी पेटी म्हणजे मी. माझ्या अंगावर ‘सूचना’ असं लिहिलेलं आहे. तुम्ही येता-जाता माझ्या फटीत बोरांच्या बिया टाकता, ते मला कळतं बरं का! टाका खुशाल. मी याहून वाईट गिळलेलं आहे.

माझा जन्म १९४६ सालचा. लढाई संपली आणि नगरच्या लष्कराने रिकामी खोकी लिलावात काढली. त्यातलं एक पुंजाराम सुताराने आणलं, रंधा मारला, वर फट पाडली आणि कुलूप लावलं. आमच्या आळीत नवं सार्वजनिक वाचनालय व्हायचं होतं. ते कसं असावं हे लोकांनाच विचारायचं, असं वाचनालय मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांनी भर सभेत जाहीर केलं. “लोकांचं वाचनालय, लोकांच्या मनासारखं!” टाळ्या पडल्या आणि मला झेंडूचा हार घातला. खोटं कशाला बोलू, मी फुगले.

वाचनालयासाठी ठरलेल्या मोकळ्या सरकारी जागेवरच मला महिनाभर ठेवलं. चिठ्ठ्या येऊ लागल्या. कुणाला वर्तमानपत्रांसाठी लांब टेबल हवं होतं, कुणाला पाण्याचा रांजण, कुणाला बायकांसाठी वेगळी वेळ. ‘काकासाहेबांची मोठी तसबीर लावावी’ अशीही एक चिठ्ठी आली. अक्षर त्यांच्या मेहुण्याचं होतं.

त्याच जागेच्या कोपऱ्यात साळूबाईची भट्टी होती. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती तिथे लाह्या-फुटाणे भाजून पोट भरत होती. तिला लिहिता येत नव्हतं. एकदा मिशनच्या शाळेतले शमुवेल मास्तर फुटाणे घ्यायला आले, तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

“मास्तर, ही पेटी खरंच ऐकती का वो?”

“ऐकते की. त्याचसाठी ठेवली आहे.”

“मंग माजं लिवा. म्हनावं, वाचनालय बांदा, लई चांगलं हाय. पन भट्टीपुरता कोपरा सोडा. भट्टी काय डोक्यावर घिऊन फिरता येती व्हय? मी रोज समदं झाडून दीन. फुकाट!”

मास्तर भला माणूस होता हो, तिथेच घात झाला. शाळेत ते मुलांकडून अर्जाचे नमुने गिरवून घेत. आधी वाकावं, मग मागावं, म्हणजे मोठी माणसं विरघळतात, अशी त्यांची समजूत. आपल्या लोकांची ही खोडच आहे. म्हणून साळूबाई न बोललेलं एक वाक्य त्यांनी सुरुवातीलाच घातलं: ‘सदर जागा सरकारी असून तीवर माझा कोणताही हक्क नाही, हे मी जाणते.’ मग तिची मागणी लिहिली आणि सगळं वाचून दाखवलं. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ऐकायला ते भारी वाटलं. “लई झ्याक लिवलं,” ती म्हणाली. मास्तरांच्या टाकाची शाई अंगठ्याला लावून तिने ठसा उमटवला, चिठ्ठी माझ्यात टाकली आणि वर मलाच हात जोडले. मलाही आनंद झाला. मूर्ख मी!

महिना संपल्यावर काकासाहेबांच्या बैठकीत माझं कुलूप उघडलं. चहा पीत पीत चिठ्ठ्या वाचल्या जात होत्या आणि मंडळी हसत होती. “अंगठेबहाद्दरांना कशाला हवं वाचनालय?” कुणीतरी म्हणालं. मग साळूबाईची चिठ्ठी आली. काकासाहेबांनी पहिलं वाक्य वाचलं, थांबले, आणि पुन्हा वाचलं. वीस वर्षांचं बस्तान, बाई वहिवाटीचा हक्क सांगत कचेरीत गेली तर बांधकाम अडेल, हा घोर त्यांना किती दिवस लागला होता! “अहो, बाईनं आपण होऊन लिहून दिलंय. अंगठ्यासकट!”

हे कानावर येताच मास्तर धावत आले. “साहेब, ती विनंती आहे, कबुली नव्हे.”

“मास्तर, अक्षर तुमचंच ना?”

“होय.”

“मग झालं तर.”

आठ दिवसांत पहारी घेऊन माणसं आली. भट्टी अजून गरम होती. साळूबाई आडवी आली. “अवो, माजी चिठ्ठी वाचली का न्हाई त्यांनी?”

“वाचली ना बाई,” मुकादम म्हणाला, “म्हणून तर आलोय.”

१९४८ मध्ये वाचनालय उभं राहिलं आणि मला इथे दारात टांगलं. आलेल्या सूचनांचा निकाल फळ्यावर लावला. मेहुण्याने सुचवलेली तसबीर मान्य. रांजण अमान्य. साळूबाईची सूचना अंशतः मान्य: कोपरा नाही, झाडणं चालेल. हा विनोद नव्हता मित्रांनो, मंडळाने खरोखर ठराव केला होता.

साळूबाई तेव्हा केडगावात भावाच्या पडवीत राहत होती आणि दुसऱ्यांच्या घरी दळणकांडण करत होती. मास्तर तिला सांगायला गेले, की येऊ नका, तुमच्यावर काही बंधन नाही. ती म्हणाली, “अंगठा दिलाय न्हवं, मास्तर?” रोज पहाटे ती केडगावाहून चालत यायची, अख्खं वाचनालय झाडायची, मलाही पुसायची. तिने मला कधी शिवी दिली नाही. द्यायला हवी होती. मला तेवढी तरी शिक्षा झाली असती.

पुढच्या थंडीत ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी काकासाहेबांनी टेबलावर बोट फिरवलं आणि धूळ सगळ्यांना दाखवली. “पाहिलंत? या लोकांच्या शब्दाला काही किंमत आहे का?”

दारात शमुवेल मास्तर उभे होते. “साहेब, साळूबाई काल गेल्या. तापाने.”

“अरेरे!” काकासाहेब म्हणाले. मग त्यांनी धुळीचं बोट धोतराला पुसलं. “आता झाडणार कोण?”

मित्रांनो, माझी बिजागरी दुरुस्त करा, मला रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला फोडून चुलीत घातलंत तरी चालेल. फक्त कुणी गोड बोलून विचारलं, की बाबांनो, तुम्हाला काय हवं, तर ते चारचौघांत, तोंडावर सांगा. आणि मागताना, जे आपलं आहे ते आपलं नाही, असं कधी लिहून देऊ नका.