सव्वीस खड्ड्यांचा मायबाप

जुन्या सरकारी कचेरीच्या फाटकापाशी बारा शिळा रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकीवर एकेका अंमलदाराचं नाव आणि खाली तोच मजकूर: हा रयतेचा मायबाप होता. अंमलदाराची बदली झाली की गावाने शिळा उभारायची. शिळा उभारली की तो नक्की जातो, अशीही समजूत असावी.

कचेरी वारसा यादीत घालायची होती, म्हणून दगड तपासायला मला पाठवलं. अकरा शिळा गुळगुळीत. सातवीवर सव्वीस खड्डे.

"पावसाचे आहेत," प्यो ग्यूच्योल आजोबा म्हणाले. ते शेजारच्या कन्फ्यूशियन शाळेचे प्रमुख. पोरांना थोरांचा मान राखायला शिकवतात. सातवी शिळा त्यांच्या पणजोबांची. "बुजवून टाका. शनिवारी सगळं घराणं यायचंय. अर्जात कारण लिहा, हवामान."

"आजोबा, पाऊस एकट्या सातवीवरच पडला?"

खड्ड्यांत दगडफूल होतं. इथे ते वर्षाला साधारण अर्धा मिलिमीटर पसरतं. सगळ्यांत मोठं पासष्ट मिलिमीटर, म्हणजे एकशेतीस वर्षांचं. बाकीची लहानमोठी. एक खड्डा मात्र कोरा, पांढराफेक.

"हा तर यंदाचा!"

तेवढ्यात गावातली ओकबुन आजी बाजारातून आली. कांद्याच्या पातीची पिशवी खाली ठेवली, खडा उचलला आणि सातवीवर मारला. टक्!

"ओकबुन! पणजोबा आहेत माझे!"

"माहीत आहे. म्हणून तर आज छोटा घेतला. सासूची शिकवण आहे, बाजारातून येताना एक." मग माझ्याकडे वळून, "हाही मारायचा हो, शाळेतून येताना. नेम याचाच चांगला."

आजोबांचे कान लाल झाले. "तेव्हा मला शिळेवरची चिनी अक्षरं वाचता येत नव्हती!"

मी पेन उघडून थांबले. आजोबा रांगेकडे बघत राहिले.

"हा शेजारचा कोण गं?"

"कोण जाणे."

"पलीकडचा?"

"मला काय ठाऊक?"

"आणि आमचा?"

"प्यो मुनह्योन. पेरणीचं बियाणंसुद्धा उचलून नेलं मेल्याने."



"बुजवू नका," आजोबा म्हणाले. "बाकीच्या अकरांना कुणी ओळखतं तरी का?"

"कारण काय लिहू?"

"गावकरी."

मी लिहिलं. ते शिळेजवळ गेले आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यावर बोट ठेवलं.

"याचं वय काढा बरं."

मी मोजलं. बत्तीस मिलिमीटर. "चौसष्ट वर्षं. एखाददुसरं इकडेतिकडे."

"मग माझाच," आजोबा म्हणाले, आणि ओकबुनकडे वळून पाहिलं. "बघ, केवढ्या वर आहे!"