डब्यातली गाजराची फुलं

माझ्या डब्यात गाजराची फुलं असतात. आगारातल्या बाकी कंडक्टर बायांच्या डब्यात पोळी-भाजी, माझ्या डब्यात पोळी-भाजीच्या कडेला पाच पाकळ्यांची दोन फुलं. सगळ्या म्हणतात, मनाली, सासू मिळावी तर अशी. मी नुसती हसते. वर्षभर हसत आले, तिथंच चुकलं.

डबा करतो माझा नवरा, चंद्रशेखर. साडेपाचची पहिली गाडी माझी, म्हणजे आमच्या जानेफळ गावाहून मला साडेचारलाच स्कूटी काढावी लागते. सासूबाईंचे गुडघे धरलेले. नोकरी टिकवायची तर कोणीतरी उठायलाच हवं होतं, तेव्हा हा उठला. शिकला मोबाइलवर. हिंदीत आलेली एक जपानी मालिका आम्ही दोघं बघायचो. तिच्यातला नवरा नोकरी सुटल्यावर घर सांभाळतो, बायकोचा डबा भरतो, गाजराची फुलं कापतो. त्याआधी तिकडचाच एक जुना सिनेमा पाहिला होता. त्यात नवरा घरी आला की बायको दारात गुडघे टेकून त्याचे बूट सरळ करून ठेवायची. तेवढ्या वर्षांत तिकडचा पुरुष दारापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचला. आमचाही पोचला, पण दाराला कडी लावून. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "कोनी विचारलं तं आईनं केला म्हनजो."

गेल्या रविवारी महादेवाच्या देवळात रोडग्यांचं गावजेवण होतं. रोडगे हे आमच्याकडे पुरुषांचं काम. कणीक तेच मळतात, गोवऱ्यांच्या आरात रोडगे तेच भाजतात, वांग्याची भाजीही तेच ढवळतात. चंद्रशेखरच्या हातचा रोडगा अख्ख्या गावात नावाजलेला. दोनशे माणसांची कणीक भर चौकात मळायला या माणसाला लाज वाटत नाही, आणि माझ्या तीन पोळ्या मात्र चोरून.

ड्यूटी संपवून मी तशीच खाकीत देवळात गेले. चुलतसासरे भाऊराव यांनी मला सगळ्यांदेखत बोलावलं. चांगुणावहिनी, म्हणजे माझ्या सासूबाई, पायरी चढताना कशा लंगडतात ते त्यांनी पाहिलं होतं. सून नोकरीवर मिरवते आणि म्हातारी पहाटे चारला उठून तिचा डबा करते, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. चार जणांनी माना डोलावल्या.

"आता पुरे झालं, पोरी," ते म्हणाले. "या महिन्यात राजीनामा देऊन टाक."

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. चंद्रशेखर परातीत कोपरापर्यंत हात घालून कणीक तिंबत राहिला, जणू माझी नोकरी म्हणजे शेजारच्या गावची गोष्ट. माझं डोकं फिरलं.

"अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्यानं कणकेचा गोळा एकदा उलटा केला. मग परातीकडेच बघत म्हणाला, "डबा मीच करतो, काका. आई तं झोपेलच असते."

कोणीतरी फिसकन हसलं. पण देवळाचा कारभार बघणारे म्हातारे उत्तमराव खेकसले, "हसता काऊन बे? असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी भेटत नाही. देवमानूस हाय."

झालं. वारं फिरलं. कोणी त्याची पाठ थोपटली, कोणी त्याच्या हातून परात घेतली. राजीनाम्याचं कोणाला आठवेना. भाऊराव माझ्याकडे वळून म्हणाले, "नशीब काढलं पोरी. पाय धुऊन पानी पी त्याचे."

आणि चंद्रशेखर लाजत हसला. ते हसू मला अजून सहन होत नाही. वर्षभर मला खोटं बोलायला लावलं, माझी नोकरी जायची वेळ आली तरी मी टोकल्याशिवाय तोंड उघडलं नाही, आणि देवमाणूस कोण, तर हा. त्या मालिकेतही असंच होतं. शेजारपाजारचे नवऱ्याचं कौतुक करतात आणि बायको खांद्याला पिशवी लावून रागानं बघत उभी असते. तेव्हा मी त्याला विचारलं होतं, एवढा गुणी नवरा, मग हिला राग काऊन येते? तो म्हणाला होता, त्या लोकांचं तसंच असते. आता मी तिच्यासारखीच उभी होते, खांद्याला तिकिटांच्या मशीनची पिशवी.

सासूबाई खांबाला धरून उठल्या. एवढ्या माणसांत त्या कधी बोललेल्या मला आठवत नाहीत.

"भाऊजी, चाळीस वर्सं तुमच्या घरातल्या समद्यायचे डबे म्या भरले. माहे पाय धुऊन पानी प्या म्हनून कोनाले सांगतलं व्हतं का तुमी?"

भाऊराव गोवऱ्या सारायला लागले. थोड्या वेळानं पुरुषांची पहिली पंगत बसली, आणि चंद्रशेखरला सगळ्यांनी आग्रह करून मधोमध बसवलं.