तारकर्लीच्या रस्त्यावरचा जोड

तारकर्लीच्या रस्त्याकडेने जमिनीखालून अकरा हजार व्होल्टची नवी केबल टाकून झाली होती. तिचं एक टोक जुन्या केबलला जोडायचं होतं, दुसरं हौसाबाईंच्या बर्फाच्या कारखान्याजवळच्या विजेच्या पेटीत. दोन्हीकडे कनेक्टर कोणते वापरायचे, हे ठरवायचं काम सहायक अभियंता अक्षदा मेस्त्रीचं. प्रत्यक्ष जोड करणार होते लवूकाका. किनाऱ्यावरच्या केबली जोडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"दोनय तारांवर धातूची नळी घालून मशीनन दाबूया, मॅडम," लवूकाका म्हणाले. "माझो एकय जोड अजून जळूक नाय."

अक्षदाला त्यांच्या हाताबद्दल शंका नव्हती. शंका होती ती जुन्या केबलबद्दल. नकाशात दोन्ही केबली सारख्याच जाडीच्या दाखवल्या होत्या. सकाळी वीज बंद करून केबलचं अर्थिंग केल्यावर ती स्वतः खड्ड्यात उतरली. जुनी तार मोजली, तर अडीच मिलिमीटरने बारीक!

लवूकाकांनी नळी घालून पाहिली. ती लटलट हलली. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली.

योग्य मापाची नळी कोल्हापूरहून यायला आठवडा लागला असता. अक्षदाने मात्र शंकेपोटी स्टोअरमधून बोल्टचे कनेक्टर आणून ठेवले होते. त्यांत दोन्ही जाडीच्या तारा बसत.

"बोल्ट मागाहून ढिले पडतत," काका नाराजीनेच म्हणाले. "मी बघितलंय."

"ते साधे बोल्ट, काका. ह्येचा डोक्या पुरेसा आवळला की आपसूक तुटता. तुम्हीच करून बघा."

त्यांनी केबलच्या तुकड्यावर कनेक्टर बसवून पाना फिरवला. टक्क! बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. मग तुकड्यावर पाय रोवून त्यांनी दोन्ही हातांनी तार ओढली, पुन्हा ओढली. तार जागची हलली नाही.

"बरो आसा," ते म्हणाले, आणि कामाला बसले.

दुपारी पेटीकडे आल्यावर अक्षदाने केबलच्या टोकाला बसवायचा ॲल्युमिनियमचा लग पुढे केला. काकांनी तिचा हात धरला.

"गो बाय, हयसर तांब्याची पट्टी आसा! ॲल्युमिनियम नि तांबा, वर ह्यो खारो वारो. सा म्हयन्यात पांढरो भुगो होतलो."

अक्षदाचा चेहरा उतरला. हे तिला परीक्षेत आलं होतं आणि तिने बरोबर लिहिलंही होतं. काकांनी आपल्या पिशवीतून अर्धा भाग ॲल्युमिनियमचा, अर्धा तांब्याचा असलेले लग काढले आणि केबलवर मशीनने दाबून बसवले. ती शेजारी बसून पाहत राहिली. तिला आता स्वतःचंच हसू येत होतं.

साडेचारला चाचणी ठीक आली. वीज सोडली आणि कारखान्याचा कॉम्प्रेसर घरघरू लागला. हौसाबाईंनी दोघांनाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. बांगड्याचं तिखलं, गरम भात.

"मिठबावच्या फुडच्या कामाक हेच बोल्टवाले मागव," काका भात कालवत म्हणाले. "पण माझा मशीन मी घराक ठेवचंय नाय हां!"

"ठेवू नकाच," अक्षदा म्हणाली आणि तिने आणखी भात मागून घेतला.