टोपलीखालची पहाट

मित्रांनो, मी एका जुन्या कोंबड्याचा तुरा आहे. हसू नका! कोंबडा केव्हाच गेला. त्याच्या तुऱ्यातून मला गाळून, धुऊन, पारदर्शक चिकट द्रव करून काढलं. हायल्युरॉनिक ॲसिड असं भारदस्त नाव दिलं आणि इंजेक्शनच्या नळीत भरलं.

तिथून मी एका रंगाऱ्याच्या खांद्यात उतरलो. जन्मभर छतं रंगवून त्याच्या खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, पार विरली होती. मी तिच्याभोवती पसरलो, तिचं घासणं कमी केलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "इतक्यात हात वर न्यायचा नाही. दोरी तुटली, तर ब्रश कायमचा विसरा."

पण मित्रांनो, मी जातीचा कोंबडा! तांबडं फुटायची वेळ झाली की मला बसवत नाही.

दुसऱ्याच पहाटे रंगाऱ्याची लेक पाणी तापवायला उठली. बघते तर काय, बाबा गाढ झोपलेले आणि दुखरा हात छताकडे ताठ उभा! पाचही बोटं फाकलेली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाबा, हात का उचललात?"

"मी? अगं, मी झोपलो होतो!"

रोज पहाटे तेच. हात उशीला बांधला, तर गाठ सुटे. दोरीचा एकेक धागा तुटताना मला ऐकू येई, वाईटही वाटे, तरी राहवत नसे.

शेवटी लेकीने इंजेक्शनच्या खोक्यावर 'कोंबड्याच्या तुऱ्यापासून' असं वाचलं. तिने वेताची टोपली आणली, झोपलेल्या बाबांच्या खांद्यावर पालथी घातली आणि वर काळं कापड टाकलं. "झोप रे बाळा," ती हळूच म्हणाली, "अजून रात्र आहे."

ती माझ्याशी बोलत होती! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. पण झाकलेल्या कोंबड्याला ते कुठे कळतं? मी गप्प बसलो. अंधारात दोरी सांधत गेली.

महिन्या-दोन महिन्यांनी रंगाऱ्याने हात डोक्यावर नेला आणि लहान मुलासारखा रडला. आता तो पुन्हा छतं रंगवतो. टोपली माळ्यावर गेली.

मित्रांनो, दुखऱ्या अवयवाला विसावा द्या, घाई करू नका. आणि त्या लेकीला सांगा, टोपली खाली काढ. मी खांद्यात उरलो नाही, हे खरं. मी विरघळलो, रक्तात मिसळलो, अंगभर पसरलो. काल पहाटे बाबांचे दोन्ही हात उभे होते, आणि आज त्यांच्या गळ्यात मी हळूच खाकरून पाहिलं.